गुस्ल देणारे चार, छाती दाबणारा एकही नाही

आमच्या लोणंदच्या मोहल्ल्यात कुणाची मय्यत झाली तर काय करायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. निरोप गेला की तासाभरात गुस्ल देणारे येतात. तख्ता मशिदीतून येतो. कफनाला कापड किती लागतं, ते कुठल्या दुकानात मिळतं, कबर कोण खोदणार, सगळं ठरलेलं. बाई गेली असेल तर गुस्लला बायका येतात, त्याही ठरलेल्या. यातल्या एकाकडेही सर्टिफिकेट नाही. थोरल्यांच्या शेजारी उभं राहून, हाताखाली काम करून ते शिकलेत. पुढच्यांनाही तसंच शिकवतात.

आता दुसरा प्रश्न. याच मोहल्ल्यात एखादा चालताबोलता कोसळला, शुद्ध गेली, श्वास थांबला, तर पहिल्या तीन मिनिटांत काय करायचं हे किती जणांना येतं? याचं उत्तर मला चांगलं माहीत आहे. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं आणि मला येत नव्हतं.

२००७ सालची गोष्ट. माझे थोरले चाचा लोणंदच्या कांदा बाजारात हमाल होते. वय अठ्ठावन्न. लिलाव उरकून गोण्या ट्रकवर चढत होत्या. चाचांनी पाठीवरची गोणी टेकवली, खाली बसले, छातीवरून हात फिरवला आणि आडवे झाले. मला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून त्यांचा डबा घेऊन मीच गेलो होतो. दहा पावलांवर उभा होतो.

तेव्हा मी एका कारखान्यात प्रथमोपचार पेटी सांभाळायचो. कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार दर दीडशे कामगारांमागे एक पेटी आणि तिच्यावर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागायचा. तो माणूस मी. आदल्याच वर्षी माझं ट्रेनिंग नव्याने झालं होतं. प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलेलं होतं. चाचांनीच खिळा ठोकला होता.

मी काय केलं ते सांगतो. आधी हाका मारल्या. मग शिकवल्याप्रमाणे मान मागे, हनुवटी वर, कान त्यांच्या तोंडाशी. बघा, ऐका, जाणा. चाचांचा घसा घरघरला. काही सेकंदांनी पुन्हा एकदा. गर्दीतून कुणी ओरडलं, “श्वास चालू हाय!” मलाही तसंच वाटलं. तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा आचके देतो. ते आचके दिसले की लगेच छाती दाबायला घ्यायची असते. आमच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आम्हाला फ्रॅक्चरला खपाची बांधायला शिकवलं होतं आणि त्रिकोणी पट्टीच्या सहा घड्या.

मग नाडी. मानेवर बोटं ठेवली. माझीच बोटं थडथडत होती. चाचांची नाडी लागतेय की माझी, कळेना. तेवढ्यात एकाने कांदा फोडून चाचांच्या नाकाशी धरला. दुसऱ्याने पायातली चप्पल काढून हुंगवली. एकजण पाणी पाजायला बघत होता. मी अजून नाडीवरच. त्यानंतर तोंडाने श्वास द्यायचा होता. चाचांच्या तोंडाला फेस होता, तंबाखू होती. मी थांबलो. ज्यांच्या खांद्यावर बसून मी पालखी बघितली, त्यांच्या तोंडाला तोंड लावायला थांबलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. शेवटी रुमाल टाकून दोन फुंका मारल्या. हवा बाजूने निघून गेली. मग छातीवर दाब. किती? एकटा असलो तर पंधराला दोन, दोघं असलो तर पाचाला एक, असं पाठ केलेलं होतं. आम्ही तिथे शे-दीडशे माणसं होतो. मी मोजायला चुकलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा नाडी बघितली. तोवर कुणाची तरी जीप आली, चाचांना मागे टाकलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली.

मी सगळं नीट केलं असतं तर चाचा वाचले असते, असं मी म्हणत नाही. मौत कुणाला चुकली? माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. त्या दिवशी मी जे जे पाठ केलं होतं, त्यातलं बरंचसं जगाने आधीच टाकून दिलं होतं. सामान्य माणसाने नाडी शोधत बसू नये, हे २००० साली ठरलं होतं. पंधराला दोन आणि पाचाला एक हे दोन्ही मागे पडले होते आणि २००५ साली मोठ्या माणसासाठी तीसला दोन हा एकच हिशेब केला होता. मला २००६ साली शिकवणाऱ्या माणसाने जुनीच वही उघडली होती. त्याला दोष देऊन काय करू? त्याच्याकडेही सर्टिफिकेटच होतं.

मी हे सगळं नंतर शोधून शोधून वाचलं. वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि तीच मला या लेखात सांगायची आहे. माणूस शुद्धीवर आणण्याच्या पद्धती शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलल्या. पण १९६० नंतरचा जवळजवळ प्रत्येक मोठा बदल एकाच दिशेने झालाय. काम सोपं करण्याच्या. शास्त्राने दर वेळी साध्या माणसाच्या हातातला एकेक अडथळा काढून टाकला. आपण मात्र ते अडथळे जपून ठेवले आणि त्यांना ट्रेनिंग म्हणत राहिलो.

मी स्वतः यातल्या तीन पिढ्या बघितल्यात. १९८० च्या सुमाराला नीरा उजव्या कालव्यात एक पोरगा बुडाला. आम्ही सगळे तिथेच डुंबायचो. त्याला बाहेर काढल्यावर एका माणसाने खांद्यावर उलटं टाकलं आणि पाणी निघावं म्हणून कालव्याच्या भरावावरून पळत सुटला. पोरगा गेला. पुढच्या वर्षी शाळेत स्काउटच्या सरांनी आम्हाला शिकवलं ते असं : बुडालेल्याला पालथं झोपवा, डोक्याशी गुडघे टेकून बसा, पाठ दाबा, मग कोपर धरून हात उचला. आम्ही मैदानात एकमेकांवर हे करायचो आणि हसायचो. ती होल्गर नील्सन या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याची १९३२ सालची पद्धत. त्याआधी १९०३ ची शेफरची पालथं झोपवायची पद्धत होती, त्याही आधी १८५८ ची सिल्व्हेस्टरची उताणं झोपवून हात वरखाली करायची. अठराव्या शतकात तर युरोपात बुडालेल्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायचे. आमच्या कांद्याला आणि चपलेला हसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

गंमत म्हणजे तोंडाने श्वास देणं त्याहून जुनं. १७३२ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम टोसाक या शल्यवैद्याने खाणीत गुदमरलेल्या मजुराला तोंडाने हवा देऊन उठवल्याची नोंद आहे. १७४० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांसाठी तीच शिफारस केली. नंतर ती मागे पडली आणि लोक पाठी दाबत राहिले. १९५० च्या दशकात जेम्स इलाम आणि पीटर सफार यांनी प्रयोग करून दाखवलं की पाठ दाबण्यापेक्षा तोंडाने दिलेल्या श्वासाने कितीतरी जास्त हवा आत जाते. म्हणजे आमचे सर १९८१ साली जे शिकवत होते, ते वीस वर्षांपूर्वीच मोडीत निघालं होतं.

आणि मग १९६०. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं हे मांडलं. यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. त्या लेखाचा रोखच असा होता की याला दोन हातांपलीकडे काही लागत नाही, आणि ते कुणीही, कुठेही करू शकतं. त्याच सुमाराला सरावासाठी पुतळा बनवला तो नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी. त्यांचा धंदा खेळण्यांचा. इंजिनिअरने मांडलेली, खेळणीवाल्याने पसरवलेली ही विद्या. ती आपल्याकडे येताना ‘डॉक्टरांचं काम’ कधी झाली?

पुढचं थोडक्यात सांगतो. २००० साली सामान्य माणसासाठी नाडी गेली. २००५ साली हिशेब एक झाला. २००८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की मोठा माणूस अचानक कोसळला आणि तुम्हाला तोंडाने श्वास देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल, तर नुसती छाती दाबा. २०१० साली क्रमच उलटा केला : आधी छाती, मग श्वासाचा मार्ग, मग श्वास. २०१५ साली वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर अशी नेमकी केली. २०१७ साली आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने, भारतातल्या सामान्य माणसासाठी नुसत्या छाती दाबण्याची पद्धत जाहीर केली. नाव ‘कोल्स’. तोंडाला तोंड नाही, नाडी नाही, पंधरा-पाचाचा हिशेब नाही. २००७ साली लोणंदच्या बाजारात मी ज्या तीन दगडांना अडखळलो, ते तिन्ही दगड शास्त्राने वाटेतून उचलून टाकलेत.

यावर मला नेहमी ऐकू येतं ते असं : “दर पाच वर्षांनी बदलतंय म्हणजे त्यांचं त्यांनाच कळत नाही. मग आपण शिकायचं कशाला?” हे बोलणारे शिकलेले लोक असतात. त्यांना माझं उत्तर डेन्मार्कमधून आहे. ज्या होल्गर नील्सनची पद्धत मोडीत निघाली, त्याचाच हा देश. तिथल्या लोकांनी जुन्या पद्धतीचा अभिमान धरला नाही आणि बदल होतात म्हणून कंटाळाही केला नाही. २००५ साली शाळेत सीपीआर सक्तीचा केला, २००६ साली ड्रायव्हिंग लायसन्ससाठी. रस्त्यावर, घरात कोसळलेल्यांपैकी किती जणांची छाती आजूबाजूच्या माणसांनी दाबली, हे त्यांनी मोजलं. २००१ साली हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१० साली ते ४५ टक्क्यांच्या जवळ गेलं. महिनाभर जगलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरावर गेलं. सगळं श्रेय एकट्या ट्रेनिंगचं नाही, त्या काळात दवाखानेही सुधारले. पण तिथल्या लोकांचे हात चालायला लागले, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे काय चालतं? मी २००६ नंतर आणखी दोन शिबिरं केली, २०११ आणि २०१८ साली. दोन्हींचं चित्र सारखंच. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. एक पुतळा. भिंतीवर इंग्रजी स्लाइड. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांचं भाषण. पुतळ्यावर पहिला दाब पाहुणे देतात, तोही फोटोपुरता, कोपर वाकवून. नंतर पुढच्या रांगेतले चार-पाच जण. मग जेवण. संध्याकाळी सत्तर सर्टिफिकेटं. २०११ च्या शिबिरात मी विचारलं की आता आधी छाती दाबायची ना? शिकवणारे म्हणाले, “पुस्तकात आहे तेच करा.” पुस्तक जुनं होतं. २०१८ साली क्रम बरोबर शिकवला, पण माझा हात पुतळ्याला लागला तो एकूण वीस सेकंद. हे शिकणं असेल तर पोहायला फळ्यावर शिकवावं.

६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर एकाच दिवशी सीपीआरची जनजागृती झाली. वीस लाखांवर माणसांनी भाग घेतल्याचं सांगितलं गेलं. चांगलीच गोष्ट. पण जागृती आणि सवय यांत फरक आहे. शिकलेला हात काही महिन्यांत विसरतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या वीस लाखांतल्या किती जणांनी नंतर एकदा तरी उशीवर हात ठेवला असेल?

दुसरी सबब कायद्याची. “हात लावला आणि माणूस गेला तर पोलीस आपल्याला धरतील.” या भीतीत थोडं तथ्य आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी संरक्षण दिलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. पण ते अपघातापुरतं. बाजारात, मशिदीत, दिंडीत हृदय बंद पडून कोसळलेल्यासाठी असं स्वतंत्र कलम नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात, जुन्या दंडविधानाच्या ९२ व्या, एवढा आधार आहे की समोरचा संमती देण्याच्या अवस्थेत नसताना त्याच्याच भल्यासाठी शुद्ध हेतूने केलेलं काम गुन्हा ठरत नाही. माझी मागणी साधी आहे. १३४-अ चं संरक्षण प्रत्येक आणीबाणीला लावा. आणि तोवर, बाबांनो, बरगडी मोडली म्हणून कुणावर केस होईल ही भीती टाका. छाती नीट दाबली तर बरगडी मोडू शकते. बरगडी जुळते.

तिसरी सबब मात्र आमच्या घरातली आहे आणि ती मी आमच्याच लोकांशी बोलणार. “आलेली घटका कोण टाळणार?” चाचांच्या मय्यतीला मला हेच सांगून गप्प केलं गेलं. मी म्हणतो, घटका ठरवणारा ठरवेल. ती आली की नाही हे मला तीन मिनिटांत कसं कळलं? पेट्रोलला पैसे काढून दवाखान्यात नेताना आपण घटकेचा विचार करत नाही, इंजेक्शन घेताना करत नाही. मग हाताला काम लागलं की लगेच तकदीर कशी आठवते?

आपल्याकडे फर्ज-ए-किफाया नावाची चीज आहे. जनाज्याची नमाज, गुस्ल, दफन ही त्यातली कामं. वस्तीतल्या काहींनी केली तर सगळे सुटले, कुणीच केली नाहीत तर सगळे गुन्हेगार. म्हणूनच गुस्ल देणारी माणसं प्रत्येक मोहल्ल्यात तयार असतात. मेलेल्या माणसासाठी आपण एवढी चोख व्यवस्था उभी केली. मरत असलेल्या माणसासाठी तीच का नको? चार पुरुष, चार बायका. दर मोहल्ल्यात, दर आळीत, दर वाड्यात. मी आलीम नाही, फतवा देत नाही. पण ज्या गोष्टीची जबाबदारी कुणा एकाची नसते ती सगळ्यांची असते, एवढं समजायला मदरशात जावं लागत नाही.

बायका का, तेही सांगतो. बहुतेक माणसं रस्त्यात नाही, घरात कोसळतात. दुपारी घरात कोण असतं? आणि कोसळणारी बाई असेल तर गर्दीतले पुरुष मागे सरतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांची छाती कुणीतरी दाबली, बायकांपैकी ३९ टक्क्यांची. तिथे पडदा नाही, तरीही. आपल्याकडचं कुणी मोजलेलं नाही. पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

२०१९ ची वारी. नीरेला स्नान झालं की माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि पहिला मुक्काम आमच्या लोणंदला. गाव माणसांनी फुटतं. आमच्या मोहल्ल्याचा पाण्याचा स्टॉल असतो, मी आणि माझी बायको तिथे होतो. एक वारकरी बाई, साठीच्या आसपासची, डोक्यावरची तुळस शेजारणीकडे देताना कोसळली. मी पुढे झालो. हाक मारली, खांदे हलवले. उत्तर नाही. तोच आचका. या वेळी मी ओळखला.

आणि मी पुन्हा थांबलो. समोर परकी बाई, गळ्यात तुळशीची माळ. मी दाढीवाला, डोक्यावर टोपी. भोवती शंभर मोबाईल. याचा व्हिडिओ कुठे, कोणत्या मथळ्याखाली फिरेल, हा विचार माझ्या मनात आला. हे सांगायला लाज वाटते, पण या देशात आज असा विचार येतो आणि तो येण्याची कारणं आहेत. किती सेकंद गेले माहीत नाही. शेजारची म्हातारी माझ्यावर खेकसली, “बघत काय बसला माउली, दाबा की! बाई मरतीय!”

मी दाबायला लागलो. मोठ्याने मोजत. एकाला ओळखीने हाक मारून १०८ लावायला सांगितलं, कारण “कुणीतरी फोन करा” म्हटलं की कुणीच करत नाही. दोन मिनिटांत माझे हात भरून आले. बायकोने ओढणी कमरेला खोचली आणि माझी जागा घेतली. तिला मी घरी लोडावर शिकवलं होतं, ती तेव्हा हसत होती. तिसऱ्या फेरीला दिंडीतली एक मुलगी आमचं बघून पुढे आली. आमच्या तिघांच्या हातांतून काम फिरत राहिलं. वारीसाठी ॲम्ब्युलन्स जवळच होती. त्यांनी शॉक दिला. बाईचं हृदय चालू झालं.

ती बाई पुढे अकरा दिवस जगली. तिच्या मुलाने फोन केला तेव्हा रडत नव्हता. म्हणाला, “आईनं डोळं उघडलं हुतं. दोनदा माझं नाव घेतलं.” मला कुणी म्हणालं, एवढं करून शेवटी गेलीच ना? त्यांना माझं सांगणं आहे, हे त्या पोराला जाऊन विचारा. मला चाचांसाठी अकरा दिवस मिळाले असते तर मी काय काय दिलं असतं!

म्हणून मागण्या. एक, ज्याने पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाबलं नाही त्याला सर्टिफिकेट देऊ नका, मग तो कंडक्टर असो, कामगार असो की पाहुणा. दोन, मराठीत शिकवा, मराठीत मोजा. तीन, हॉल सोडा. बाजार समितीचं आवार, एसटी स्टँड, बचत गटाची बैठक, जुम्याच्या नमाजनंतरचं मशिदीचं अंगण, दिंडीचा तळ, इथे या. चार, दर वर्षी पुन्हा. आमच्याकडे त्याला मुहूर्तही आहे, पालखी यायच्या आधीचा आठवडा. पाच, पालखीच्या वाटेवर, रेल्वे स्टेशनवर आणि बाजारात शॉक देणारं यंत्र ठेवा. आता ती यंत्रं स्वतःच बोलून सांगतात, चालवायला डॉक्टर लागत नाही.

आणि हे होईपर्यंत एवढं तरी घरात सांगा. मोठा माणूस कोसळला, हाक मारून, खांदे हलवून जागा होत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत. एकाचं नाव घेऊन १०८ लावायला सांगा, एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा. त्याला कडक जमिनीवर उताणं करा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, अंगाचा भार वरून. पाच सेंटिमीटर तरी दाबा, सहाच्या पुढे नको. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. एका सेकंदात जवळजवळ दोनदा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. थांबू नका. कांदा, चप्पल, पाणी काही नको. पोरगं असेल किंवा बुडालेला माणूस असेल तर तिथे श्वासही लागतो, तो शिकून घ्या. पण येत नसेल तर निदान छाती तरी दाबा.

मागच्या शुक्रवारी मी मशिदीच्या जमातीपुढे हे सगळं मांडलं. दोघांनी मान डोलावली, एकाने तकदीर काढली, एकाने विचारलं, “पुतळ्याला पैसे कोण देणार?” मी म्हटलं, तख्त्याला कुणी दिले होते? तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यावर समाधान मानायचं वय माझं आता राहिलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी घरचा लोड घेऊन अंगणात बसणार आहे. बायको बायकांच्या बाजूला बसेल. ज्याला यायचंय त्याने यावं. सर्टिफिकेट मिळणार नाही.